चाकू, शेक की सलाईन

आमच्या कोरेगाव भागात कॅन्सरचं निदान कानावर घातलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "कापायला लागंल का?" कुठला कॅन्सर, किती पसरलाय, हे सगळं मागाहून. मी हो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "पर डॉक्टर, हत्यार लागलं की पसरतो म्हणत्यात." तरुणपणी मी या समजुतीवर चिडायचो. आता चिडत नाही. माणूस पार शेवटाला आला की मगच मुंबई गाठायची, तिथं पोट उघडून बघायचं, काही करता येण्यासारखं नाही म्हणून तसंच शिवायचं आणि पंधरा दिवसांत त्याला गावी आणायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या लोकांनी दुसरं काय अनुमान काढायचं?

मी फॅमिली डॉक्टर. कॅन्सर बरा करणं माझ्या हातात कधीच नव्हतं. चिठ्ठी लिहून मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवायचं आणि परत आलेल्या कागदांचा अर्थ घरच्यांना उलगडून सांगायचा, एवढंच माझं काम. पण ती चिठ्ठी जिथं जाते तो भाग माझ्या पायाखालचा. सत्तरच्या दशकात मी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएममध्ये शिकलो. टाटा हॉस्पिटल तिथून हाकेच्या अंतरावर. चाकू लावायचा, किरणांचा शेक द्यायचा की सलाईनमधून औषध सोडायचं, याचं उत्तर कुणी द्यायचं आणि कशाच्या जोरावर, यावरची भांडणं मी त्या परिसरात दोन्ही बाजूंनी ऐकली. उपचार आजार पाहून ठरतो हे अर्धंच खरं, असं माझं मत होत गेलं. हाताशी हत्यार कोणतं आहे आणि रोग्याच्या गाठीला काय आहे, यांनीही तो तितकाच ठरवलाय. हे मान्य करून परळ स्वतःचे प्रश्न स्वतः विचारायला लागलं, तेव्हा खरं काम झालं. पण ते बऱ्याच उशिरा.

सुरुवात होते ती ठरवण्यासारखं काहीच नव्हतं तिथून. सर डोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये ल्युकेमियानं गेल्या. टेनिस खेळणाऱ्या, बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या, २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा मिरवणाऱ्या बाई. जगातला कुठलाही उपचार विकत घ्यायची ऐपत होती, पण विकत घेण्याजोगा उपचारच नव्हता. रक्तात चाकू कुठं लावणार? पुढच्याच वर्षी डोराबजीही गेले. हिरा विकला गेला, पैसा त्यांच्या ट्रस्टकडे आला, आणि त्या ट्रस्टनं परळला कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले यांच्या हस्ते ते उघडलं. खाटा ८०. ज्या बाईच्या आठवणीत ते बांधलं, तिच्या आजारावर मात्र त्या दिवशीही तिथं औषध नव्हतं.

होतं ते चाकू आणि किरण. गोव्याच्या घराण्यातले डॉ. अर्नेस्ट बोर्जेस हे तिथले नामांकित सर्जन. रुग्णालयाच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. आणि सूक्ष्मदर्शकापाशी डॉ. वसंत रामजी खानोलकर. लंडनला शिकून आलेले हे पॅथॉलॉजिस्ट उपचार करत नव्हते, तरी माझ्या हिशेबी या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्यांचंच. त्यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचे ओळीनं आलेले १००० रोगी तपासून त्यावर लेख लिहिला. पाश्चात्त्य पुस्तकांत तोंडाच्या कॅन्सरला कोपऱ्यात जागा. परळला दारात रांग त्याचीच. तंबाखू, चुना, विडा. पुढच्या वर्षी डॉ. सूर्याबाईंबरोबर त्यांनी धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं: कमरेला जिथं धोतर किंवा साडी वर्षानुवर्षं करकचून बांधली जाते तिथल्या कातडीचा. इथले कॅन्सर इथल्या सवयींचे आहेत, हे त्यांनी कागदावर आणलं. मग उपचारही इथंच तपासून ठरवायला हवेत, ही पुढची पायरी साधी वाटते, पण ती चढायला जवळपास पन्नास वर्षं लागली. तोवर आम्ही बाहेरून आलेल्या पुस्तकांबरहुकूम चाललो.

त्या पुस्तकांचा देव होता हॉल्स्टेड. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडनं १८९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ५० ऑपरेशनांचा अहवाल छापला. त्याचं गणित असं, की कॅन्सर एका जागेपासून बाहेर बाहेर सरकत जातो. म्हणून जितकं लांबून आणि खोलवर कापाल तितकं मूळ उपटलं जाईल. स्तन, त्याखालचे छातीचे दोन्ही स्नायू, काखेतल्या सगळ्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. आमच्या विद्यार्थिदशेत मुंबईत हेच ऑपरेशन चालायचं आणि चांगला सर्जन कोण, तर जो मागं काही ठेवत नाही तो.

ऑपरेशननंतरची बाई मी जवळून पाहिलीय, कारण ड्रेसिंग बदलायचं काम आम्हा पोरांकडे असे. गळपट्टीच्या हाडाखाली खड्डा पडलेला. बरगड्यांवर सरळ कातडी, तीही कमी पडली म्हणून मांडीवरून आणून लावलेली. त्यामुळे दुखणं दोन ठिकाणी. काखेतल्या गाठी गेल्यानं हाताचं पाणी वर चढायला वाट नाही, म्हणून वर्षा-दोन वर्षांत हात सुजून जड. एक रायगडकडची बाई, डाव्या हातात बांगडी चढत नाही म्हणून सगळा चुडा उजव्या हातात भरून बसलेली असायची. ती भाताची लावणी करणारी. कुणी तिला विचारलं नव्हतं की एवढं काढायचं का, आणि खरं सांगायचं तर विचारण्यासारखा दुसरा पर्याय डॉक्टरांनाही शिकवलेला नव्हता.

दुसरा पर्याय होता, नाही असं नाही. लंडनमध्ये जेफ्री केन्स नावाचा सर्जन १९२० च्या दशकातच गाठीत रेडियमच्या सुया खोचून, स्तन राखून उपचार करत होता. त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. एका डॉक्टरचे रोगी आणि दुसऱ्याचे रोगी शेजारी ठेवून काही सिद्ध होत नसतं. ज्यानं त्यानं आपापले निवडलेले. इथं अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशरचं नाव घ्यावं लागतं. त्यानं १९७१ मध्ये आणि पुन्हा १९७६ मध्ये मोठ्या चाचण्या सुरू केल्या: कुणाचं मोठं ऑपरेशन, कुणाचं लहान, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. सर्जन लोकांना हे फार झोंबलं. 'मला माहीत नाही' असं रोग्यासमोर म्हणायचं, हे त्यांच्या शिक्षणात कुठं बसतच नव्हतं. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसीनं १९७३ पासून तेच केलं. दोघांचेही वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले: गाठ लहान असेल तर ती काढून वर शेक दिला काय किंवा अख्खा स्तन काढला काय, बाई जगते तितकीच. शंभर वर्षं बायकांनी जे सोसलं, त्यातलं बरंचसं सोसायची गरज नव्हती.

फिशरच्या या वार्ता परळला पोचायच्या आधीच आमच्या कॉलेजात वेगळाच बाँब फुटला होता. आम्हाला अॅनाटॉमी शिकवणारे डॉ. मनू कोठारी आणि डॉ. लोपा मेहता यांनी १९७३ मध्ये 'द नेचर ऑफ कॅन्सर' हा जाडजूड ग्रंथ काढला. कॅन्सर हा बाहेरून आलेला शत्रू नाही, शरीराचाच भाग आहे. त्याच्याशी लढाई मांडण्यात अर्थ नाही. त्रास होत असेल तर त्रासावर इलाज करा, गाठीच्या मागं लागू नका, असा त्यांचा एकूण सूर. टाटापासून हाकेच्या अंतरावर बसून हे लिहायला छाती लागते. आम्ही पोरं हरखून गेलो होतो. कोठारी सरांचं बोलणं ऐकत राहावं असं होतं, आणि त्यांनी उभा केलेला प्रश्न, की उपचारानं आयुष्य वाढतंय की नुसतं उपचाराचं बिल, तो आजही जिवंत आहे. पण सरसकट उत्तर म्हणून ते चुकीचं होतं, असं मी आज म्हणतो. ते चुकीचं ठरवलं पोरांच्या ल्युकेमियानं. मेहेरबाईंच्याच रक्ताच्या कॅन्सरच्या भाईबंदानं.

त्याची गोष्ट थोडक्यात. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूनं बनवलेलं एक औषध बोस्टनच्या सिडनी फार्बरनं ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिलं आणि १० जणांचा आजार काही काळ मागं हटला. हे १९४८ साली छापून आलं. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. आजार परत यायचा, पण पहिल्यांदाच औषधानं हटला होता. मग आणखी औषधं आली. त्यातलं एक, व्हिनक्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. मी हे पेशंटच्या आईबापांना मुद्दाम सांगतो. सलाईनमधलं औषध परकं वाटत नाही मग. (त्याचा तोटाही झालाय. एकानं घरीच सदाफुलीचा काढा उकळायला घेतला होता.) टाटामध्ये १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेबरोबर एमसीपी ८४१ नावाची औषधांची पद्धत सुरू झाली, दिल्ली आणि चेन्नईतही तीच वापरली गेली. कुठलं औषध, कुठल्या दिवशी, किती, सगळं आधी लिहून ठेवलेलं. डॉक्टरच्या लहरीला वाव नाही. त्या आधी जेमतेम पाचातलं एखादं पोर वाचायचं, ते प्रमाण दुपटीच्या वर गेलं. ते पाहून माझं कोठारी सरांच्या बाजूचं वजन उतरलं.

शेकाची गोष्ट वेगळी. तिथं औषधापेक्षा धर्मशाळा महत्त्वाची.

रेडियमच्या सुया जाऊन कोबाल्टची यंत्रं आली. जगातली पहिली दोन कॅनडात १९५१ मध्ये. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. रुग्णालय आणि अणुशक्ती यांचा काय संबंध, असं लोक विचारतात, संबंध किरणांचा. पुढं तर भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्रच बनवलं. पण यंत्र कुठलंही असो, शेक एका दिवसात होत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घ्या, जो माझ्याकडच्या बायकांत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त दिसला. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, रोज काही मिनिटं. वर आतून द्यायचा शेक वेगळा. काही मिनिटांसाठी माणसानं पाच-सहा आठवडे मुंबईत राहायचं. बाईबरोबर कोण राहणार? नवऱ्याचा ऊस तुटायला आलेला, सून बाळंतपणाला गेलेली.

म्हणून चिठ्ठी लिहिताना मी तब्येतीइतकीच याची चौकशी करायचो. दादरला गाडगेमहाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. तिथं जागा मिळाली तर शेक पुरा व्हायचा. नाही तर बाई दोन आठवड्यांनी एसटीत बसून परत. कमरेवर जांभळ्या शाईच्या रेघा तशाच. त्या रेघांवर किरण सोडतात, म्हणून अंघोळीत पुसायच्या नसतात. ती बिचारी गावी आल्यावरही आठवडाभर जपायची, परत जायचंय म्हणून. अर्धा शेक म्हणजे आजार अर्धा बरा असं होत नाही. म्हणून मग पुष्कळ घरं ऑपरेशनच मागायची. कापाकापीची भीती एरवी कितीही असो, एकदाचं काढून घरी येऊ, हा हिशेब सोपा.

या हिशेबाला टाटाच्या डॉक्टरांनी खुळचटपणा म्हटलं नाही, ही मला त्यांची मोठी गोष्ट वाटते. शेकाची यंत्रं देशात कमीच होती. तेव्हा आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, हे शेक आणि केमो एकत्र देण्याइतकंच चांगलं ठरतं का, हे त्यांनी ६३३ बायकांवर चिठ्ठ्या टाकून पाहिलं. निकाल २०१८ मध्ये आला: पाच वर्षांनी आजार परतलेला नाही अशांचं प्रमाण शेकाच्या गटात ७६.७ टक्के, ऑपरेशनच्या गटात ६९.३. आयुष्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. आता मी घरच्यांना सांगू शकतो की ऊस भावकीला तोडू द्या, शेक पुरा करा. पूर्वी हे मी फक्त दटावून सांगायचो.

पण परळचा खरा कस लागला तो तोंडाच्या कॅन्सरात. खानोलकरांच्या त्या रांगेत. आमच्याकडे गडी माणसं तंबाखू-चुना मळतात आणि बायका मिश्री लावतात. जिभेच्या कडेला बोटाच्या पेराएवढा व्रण आहे, मानेत हाताला एकही गाठ लागत नाही, असा रोगी समोर आहे. जिभेचा तुकडा काढायचा यावर दुमत नाही. मान उघडायची का? मानेतल्या ग्रंथींत कॅन्सरचे कण डोळ्याला न दिसता बसलेले असू शकतात. एक पक्ष म्हणे, आत्ताच काढून टाका. दुसरा म्हणे, दहापैकी सहा-सात जणांच्या मानेत काहीच नसतं. त्यांचा खांदा फुकट का दुखवायचा? गाठ दिसली तर तेव्हा काढू, तोवर नजर ठेवू. पन्नासेक वर्षं दोन्ही पक्षांचे दिग्गज परिषदांतून एकमेकांना सुनावत होते. कोणत्या रोग्याची मान उघडली जाईल हे तो कुठल्या डॉक्टरच्या ओपीडीत शिरला यावर.

पाश्चात्त्य देशांना हा प्रश्न तडीस नेता येत नव्हता, कारण त्यांच्याकडे असे रोगीच पुरेसे नाहीत. आपल्याकडे नको इतके. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रोगी घ्यायला सुरुवात केली. निम्म्यांची मान लगेच, निम्म्यांवर नजर. दर ठरावीक महिन्यांनी तपासणी. मधल्या टप्प्यावर ५०० जणांचा हिशेब काढला तेव्हा फरक इतका होता की पुढं रोगी घेणं थांबवावं लागलं. तीन वर्षांनी हयात: मान आधी काढलेल्यांत ८० टक्के, नजर ठेवलेल्यांत ६७.५. म्हणजे आठ माना उघडल्या की एक जीव जास्त वाचतो. २०१५ मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांना परळचं ऐकावं लागलं.

यातली एक बाब मला गावात बसून जास्त कळते. नजर ठेवलेल्यांची गाठ जेव्हा सापडली तेव्हा ती बऱ्याचदा पुढं गेलेली सापडली. नजर ठेवणं हे ज्याच्यावर ठेवायची तो वेळेवर येणार, या भरवशावर चालतं. पेरणी, मग गणपती, मग दिवाळी. "आता तर काय दुखत नाही, डॉक्टर, पुढल्या म्हैन्यात जाऊ." मुंबईत बसून कागदावर 'निरीक्षण' लिहिणं सोपं असतं.

त्याच वर्षी टाटाचाच दुसरा निकाल आला, तो मला समजावून सांगायला सगळ्यात अवघड जातो. स्तनाचा कॅन्सर आधीच हाडांत किंवा फुप्फुसात पसरलेला असेल तर स्तनातली मूळ गाठ काढून फायदा होतो का? डॉ. राजेंद्र बडवे यांनी ३५० बायकांवर पाहिलं. आयुष्य वाढत नाही. आता हे वाठारच्या एका आक्कांच्या थोरल्या मुलाला कसं पटवायचं? "डॉक्टर, मूळच तसंच ठेवायचं म्हंजे? ते तरी काढून टाका की." टाटानं नाही म्हटल्यावर त्यानं आईला एका खासगी रुग्णालयात नेलं, तिथं काढून दिलं, जमिनीचा तुकडा गेला. आक्का जितक्या जगायच्या तितक्याच जगल्या. त्यातला महिनाभर टाके सांभाळण्यात गेला.

टाटात हल्ली एकटा सर्जन ठरवत नाही. सर्जन, शेकाचे डॉक्टर, औषधाचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात. त्याला जॉइंट क्लिनिक म्हणतात. फाईलवर गाठीचा आकार, ग्रंथी आणि पसार यांचा टी-एन-एम असा आकडा आधी घातलेला असतो. ही पद्धत फ्रान्सच्या पिएर दनुआनं १९४० च्या दशकात घालायला घेतली, त्यामुळे परळचा आणि पॅरिसचा रोगी एकाच भाषेत बोलतात. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. देशातली रुग्णालयं एकाच मार्गदर्शक तत्त्वांनी चालावीत असा प्रयत्न. उत्तम आहे. मात्र त्या टेबलाभोवतीची एक खुर्ची गावाकडे असते. फाईल घेऊन परत आले की ओसरीवर दुसरं जॉइंट क्लिनिक भरतं: थोरला मुलगा, चुलता, मुंबईत राहणारा जावई, आणि जावयाच्या ऑफिसातला कुणीतरी ज्याच्या मेहुण्याला असंच झालं होतं. जिला आजार आहे ती आत चुलीपाशी. "आईला सांगू नका हं डॉक्टर, घाबरंल." परळ डेपोला उतरून टाटाच्या दारात उभं केल्यावर कुणापासून काय लपवता? बहुतेक जणींना सगळं कळलेलं असतं. मुलांना वाईट वाटू नये म्हणून त्या न कळल्याचं सोंग करतात.

या ओसरीवरच्या बैठकीत एक पर्याय कधी मांडला जात नाही: काही न करण्याचा. म्हणजे गाठीला काही न करता दुखण्यावर इलाज करण्याचा. टाटाचेच सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये बांद्र्याला शांती अवेदना सदन काढलं, बरे न होणाऱ्यांसाठी. देशातलं असं पहिलं. शाखा पुढं गोव्यातही निघाली. कोठारी सरांचा अर्धा मुद्दा तिथं एका सर्जननंच उचलून धरला, असं मी म्हणतो. पण दुखण्यावरचं मुख्य औषध मॉर्फिन, आणि १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं ते मिळवणं इतकं किचकट करून ठेवलं की तालुक्याच्या गावी मी त्याचा नाद सोडून दिला होता. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. तीस वर्षं माणसं कण्हत गेली आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारला गेला नाही.

राहिला पैसा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, लोक तो सगळ्यात आधी काढतात. तोंडाचा आजार परत उलटला, आता बरा होण्यातला नाही, अशा रोग्याला शिरेतून सिस्प्लॅटिन द्यायचं की घरी घ्यायच्या स्वस्त गोळ्या, हे टाटाच्या डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी ४२२ जणांवर पाहिलं. गोळ्यांवरचे रोगी सरासरी साडेसात महिने जगले, सलाईनवरचे सहा. २०२० चा हा निकाल. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब, दोन्ही जुनी औषधं. कुठल्या कंपनीला त्यांत रस असणार? नंतर त्यांनी अशाच गोळ्यांच्या जोडीला थोडं इम्युनोथेरपीचं औषध देऊन पाहिलं. निव्होलुमॅब. पुऱ्या डोसात ते शंभरात फार तर तिघांना झेपतं. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, नेहमीच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. १५१ रोगी. वर्षभरानं हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. पुऱ्या डोसाशी तुलना केलेली नाही, अशी टीका झाली, आणि ती रास्त आहे. पण पुरा डोस घेणारे रोगी इथं आणायचे कुठून?

मागं एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा या कमी डोसाचाच कागद घेऊन आला होता. दहावा हिस्सा औषध म्हणजे गुणही दहावाच येणार ना, अशी त्याला शंका. मी सांगितलं, तसं नसतं; हे औषध पेशींवरच्या ज्या जागा अडवतं त्या थोड्या डोसातही बऱ्याचशा भरतात, असं आधीच्या तपासण्यांत दिसलेलं आहे. मास्तर स्वतः शेजारी बसले होते. बोलायला जीभ पुरेशी नव्हती, पण प्रश्न स्पष्ट विचारला: "मग तो पुरा डोस आधी ठरवला कुणी?" मी त्यांना कंपन्यांच्या चाचण्या कशा आखल्या जातात ते पहिल्यापासून सांगायला बसलो, आणि बाहेर ताप-खोकल्याचे पेशंट कंपाउंडरच्या नावानं शंख करायला लागले.